तीन बोटं मातीखाली

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दाल बाजारात तूर, मूग, मसूर, हरभरा यांची पोती एकावर एक रचलेली असतात. शेतात या पिकांची रूपं अगदी वेगळी. तूर डोक्याएवढी वाढते, हरभरा गुडघ्यालाही लागत नाही. तरी ही सगळी एकाच कुळातली, शेंगा धरणाऱ्या वनस्पतींची. त्यांच्या मुळांवर बारीक गाठी येतात, गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात. झाड त्या बदल्यात जिवाणूंना साखर पुरवतं. आपल्या वरणातली प्रथिनं या मातीखालच्या देवघेवीतून येतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पोत्यांच्या त्या राशींकडे कितीतरी वेळ नुसतं बघत राहिलो होतो.

याच कुळातलं आणखी एक झाड दाल बाजारापासून फार दूर नाही. विलायती बाभूळ. मूळ अमेरिका खंडातलं हे काटेरी झाड एकोणिसाव्या शतकात भारतात आलं. चंबळच्या घळींची धूप थांबावी म्हणून १९८० च्या दशकात तिथं विमानातून त्याचं बी टाकलं गेलं. नापीक जमिनीत तगण्याची त्याची ताकद विलक्षण. त्याच्याच वंशातल्या एका झाडाचं मूळ अमेरिकेतल्या ॲरिझोनात, खाणीसाठी जमीन खोदताना, पृष्ठभागापासून ५३ मीटर खाली सापडलं होतं. सोळा-सतरा मजली इमारतीची उंची उलटी करून जमिनीत घातली तर जेवढी खोली होईल तेवढी! गुरंशेळ्या त्याच्या गोड शेंगा आवडीनं खातात, बी त्यांच्या पोटातून न पचता बाहेर पडतं, उलट पोटातल्या रसांनी त्याचं कवच मऊ होऊन ते लवकर रुजतं. मग एखाद्या मोकळ्या माळावर बघता बघता काट्यांचं रान होतं.

आता हे आणि कंपन्यांचे ‘व्हॉलंटिअरिंग डे’ यांचा संबंध काय?

गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना वर्षातून एखादा दिवस समाजासाठी, निसर्गासाठी द्यायला सांगायची पद्धत पाडली आहे. टाटा समूहात तर वर्षातून दोनदा यासाठी खास सप्ताह असतो. शनिवारी सकाळी बस निघते, सारख्या रंगाचे टी-शर्ट घातलेली चाळीस-पन्नास माणसं अभयारण्याच्या दाराशी उतरतात, चार-पाच तास काम करतात, जेवतात, फोटो काढतात आणि परततात. यातल्या बहुतेकांनी कुदळ कधी हातात धरलेली नसते. एरवी त्यांचं काम हिशेबाचं, संगणकाचं, गिऱ्हाइकांशी बोलण्याचं. हजारो वर्षांच्या घडणीतून उभ्या राहिलेल्या जंगलाला अशा पाच तासांनी काय फरक पडणार, ही शंका मलाही होती आणि तिचं उत्तर खरोखर हवं होतं. शोधत गेलो तेव्हा कळलं, की निसर्गात काही जागा आणि काही वेळा अशा आहेत, जिथं नवख्या माणसाच्या हाताइतकं चांगलं हत्यार दुसरं नाही. अट इतकीच, की ती नेमकी जागा आणि ती नेमकी वेळ सापडली पाहिजे.

त्यातल्या तीन जागा एकाच रस्त्यावर आहेत. ग्वाल्हेरहून नैऋत्येला निघालेला एबी रोड, म्हणजे आग्रा-मुंबई रस्ता. तो घाटीगावावरून जातो, शिवपुरीला माधव राष्ट्रीय उद्यानाला खेटतो, पुढे गुणा, इंदूर करत धुळ्यात महाराष्ट्रात उतरतो आणि नाशिकवरून ठाण्याला पोहोचतो. मुंबईत ज्याला आज एल.बी.एस. मार्ग म्हणतात तो हाच जुना आग्रा रोड. लष्करच्या मराठी घरांचे नातेवाईक पिढ्यान्‌पिढ्या याच रस्त्याच्या दोन्ही टोकांना राहत आले आहेत. आणि याच रस्त्यालगतच्या दोन पाणथळ जागा, शिवपुरीचा सख्यासागर आणि ठाण्याची खाडी, २०२२ या एकाच वर्षात जागतिक महत्त्वाच्या रामसर यादीत गेल्या.

आधी घाटीगाव. इथं १९८१ मध्ये सोनचिरैया अभयारण्य जाहीर झालं. सोनचिरैया म्हणजे आपला माळढोक, सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं तोच पक्षी. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी हा एक. मादी उघड्या जमिनीवर, बहुतेक वेळा एकच अंडं घालते. घरटं नाही, आडोसा नाही. तिचं संरक्षण एकाच गोष्टीत: लांबवर दिसलं पाहिजे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळं कडेचं तिला उत्तम दिसतं, समोरचं मात्र कमी, म्हणून तर आज विजेच्या तारांना धडकून हे पक्षी मरतात. असा पक्षी उंच झाडाझुडपांच्या जागी राहत नाही. झाड आलं की त्याच्या फांदीवर कावळा बसतो, शिकरा बसतो, आणि जमिनीवरचं अंडं-पिल्लू त्यांना वरून दिसतं.

अशा माळावर ऑफिसचा गट रोपं घेऊन आला तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. आपल्याकडे निसर्गाची सेवा म्हटलं की पहिला हात रोपाकडे जातो, त्यातून ५ जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की खड्डे आधीच खणून तयार असतात. गवताळ माळ सरकारी कागदावर कितीतरी वर्षं ‘पडीक’ म्हणून नोंदला गेला, मग तिथं झाड लावणं पुण्याचंच वाटणार. घाटीगावच्या माळावर आता माळढोक दिसत नाही. त्यामागं शिकार, शेती, खाणी, तारा, अनेक कारणं आहेत आणि सगळा दोष झाडांवर टाकणं बरोबर नव्हे. पण माळाला झाडांनी भरून काढणं म्हणजे माळावर जगणाऱ्यांचं घर बुजवणं, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही.

आणि हा माळ जंगल तोडून तयार झालेला नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या माळरानांबद्दल अलीकडे एका अभ्यासात संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा, ओव्या, चरित्रं चाळली आणि त्यांतले झाडाझुडपांचे उल्लेख गोळा केले. ४४ रानवनस्पती सापडल्या, आणि त्यांतल्या बहुतेक उघड्या गवताळ प्रदेशात वाढणाऱ्या निघाल्या. आपल्या जात्यावरच्या आणि वारीच्या वाङ्मयात सातशे वर्षांपूर्वीच्या भूगोलाची साक्ष जपून ठेवलेली होती! ज्या माळाला आपण उजाड म्हणत आलो त्याचं वय आपल्या भाषेइतकं तरी आहेच.

मग इथं त्या चाळीस माणसांनी करायचं काय? लावायचं नाही, काढायचं. पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाले की विलायती बाभळीची नवी रोपं बोटभर उंचीची असतात. माती ओली, सोटमूळ अजून खोल गेलेलं नाही. हातमोजा घातलेल्या कुणालाही ते रोप मुळासकट उपटता येतं. हेच रोप दोन वर्षांनी यंत्रालाही दाद देत नाही, कारण वरून छाटलं की जमिनीलगतच्या बुंध्यातून ते पाच-सहा फांद्यांनी फुटतं. म्हणजे झाडाच्या आयुष्यात काही आठवडे असे असतात, जेव्हा त्याचं बळ आणि माणसाच्या मनगटाचं बळ बरोबरीला येतं. त्या आठवड्यांत बुलडोझरचा उपयोग नाही, तो गवतही चिरडेल. तिथं वाकून बघणारे डोळे हवेत, गवताचं पातं आणि बाभळीचं पान वेगळं ओळखणारे, आणि ते जितके जास्त तितकं चांगलं.

इथं इंग्लंडमधली एक हकिगत सांगायलाच हवी. निसर्गरक्षणासाठी नवख्या स्वयंसेवकांना बोलावण्याची तिथली संघटित परंपरा १९५९ च्या सुरुवातीला सरे परगण्यातल्या बॉक्स हिल नावाच्या टेकडीवर सुरू झाली. ४२ माणसं जमली. त्यांत पुढे वनस्पतिशास्त्राचा लोकप्रिय प्रसारक झालेला डेव्हिड बेलामी होता. त्यांनी त्या दिवशी एकही झाड लावलं नाही. चुनखडीच्या गवताळ उतारावर डॉगवुड नावाचं झुडूप माजलं होतं, ते कापून काढलं, म्हणजे खालच्या गवताला आणि रानफुलांना ऊन मिळेल. तिथल्या या कामाचा पहिला दिवस गवताच्या बाजूनं झुडपाशी लढण्यात गेला, हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्याकडेही श्रमदानाची परंपरा काही कमी नाही. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत पिढ्यान्‌पिढ्यांचे तरुण राबले, आणि १ मे २०१८ रोजी पाणी फाउंडेशनच्या महाश्रमदानाला शहरांतून बसगाड्या भरभरून माणसं दुष्काळी गावांत गेली. म्हणजे हात पुढं करायची तयारी आपल्यात आहेच. जंगलात फक्त ते हात नेमके कुठे ठेवायचे, एवढाच प्रश्न उरतो.

एबी रोडनं आणखी पुढे गेलं की शिवपुरी. माधव राष्ट्रीय उद्यान, ग्वाल्हेरच्या शिंद्यांची जुनी शिकारीची जागा. २०२३ मध्ये इथं पुन्हा वाघ आणून सोडले आणि मार्च २०२५ मध्ये हा देशाचा ५८ वा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ आले म्हणजे हरणं हवीत, हरणं हवीत म्हणजे गवत हवं. मध्य भारतातल्या अनेक जंगलांत या गवताच्या मुळावर उठलेलं झुडूप म्हणजे घाणेरी, काही ठिकाणी तिला टणटणी म्हणतात. बागेची शोभा म्हणून इंग्रजांनी ती आणली. २०२० मध्ये निनाद मुंगी आणि भारतीय वन्यजीव संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या वाघांच्या जंगलांचा हिशेब मांडला, तेव्हा घाणेरीनं सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगल व्यापल्याचं दिसलं. त्यांनी तपासलेल्या जंगलाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग! महाराष्ट्राच्या निम्म्या क्षेत्रफळाएवढी जागा एका शोभेच्या झुडपानं घेतली.

ती इतकी यशस्वी का, हे पाहू लागलं की तिचा राग धरणं अवघड होतं. तिच्या फुलांचा गुच्छ नीट बघा. मधली फुलं पिवळी, कडेची केशरी-लाल. ही वेगळी फुलं नाहीत, वयं वेगळी आहेत. फूल उमलतं तेव्हा पिवळं असतं, त्यात मध असतो. पुढच्या दिवसांत ते लाल होत जातं, मध संपतो. मार्था वाइस या संशोधक बाईंनी १९९१ मध्ये दाखवून दिलं, की फुलपाखरांना पिवळ्या रंगाचा अर्थ कळतो आणि ती थेट त्याच फुलावर उतरतात. मग लाल झालेली फुलं झाड गाळून का टाकत नाही? कारण लांबून गुच्छ मोठा आणि भडक दिसला पाहिजे. म्हणजे दुरून बोलावायचं काम लाल फुलांचं आणि जवळ आल्यावर नेमकं दार दाखवायचं काम पिवळ्यांचं. फुलपाखराची खेप वाया जात नाही आणि झाडाचा मधही. पुढे काळीजांभळी फळं बुलबुल खातो आणि ज्या फांदीवर बसतो तिच्याखाली बी टाकतो. जंगलात मोठ्या झाडांच्या खाली घाणेरीची दाटी दिसते ती यामुळं.

तिला हटवायचे प्रयत्न शंभर वर्षांचे. १९२१ मध्ये तिच्या फळांवर वाढणारी माशी हवाईहून आणली, १९४१ मध्ये तिचा रस शोषणारा ढेकणासारखा किडा आणला. घाणेरी हटली नाही. जाळली तर बुडातून दुप्पट फुटते. कोयत्यानं कापली तरी तेच. कापलेली फांदी ओल्या जमिनीवर पडली तर तिच्या पेरांतून मुळं सुटतात. यंत्रानं उकरली तर माती उलथते, खोल पुरलेलं बी वर येतं, आणि पावसानंतर तिथं तिचीच गादी उगवते.

उत्तर सापडलं ते मातीखाली तीन बोटांवर. दिल्ली विद्यापीठातले परिस्थितिकी-शास्त्रज्ञ सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात घाणेरीची झुडपं खणून बारकाईनं पाहिली. बुंधा जिथं मुळात बदलतो, तिथं एक सांधा असतो. नवे कोंब फुटायची सगळी ताकद त्या सांध्यात साठलेली. त्याच्या वरून कापलं तर झुडूप परत येतं. त्याच्या खालून, जमिनीच्या पृष्ठभागापासून ३ ते ५ सेंटिमीटर खोलीवर, मुख्य मूळ तोडलं तर खाली उरलेल्या मुळाला कोंब काढता येत नाही. ते जमिनीतच कुजतं. एवढं महाकाय आक्रमण, आणि त्याची किल्ली दोन इंचांच्या आत!

पद्धत ऐकायला सोपी आहे. एकानं झुडूप एका बाजूला ओढून धरायचं, दुसऱ्यानं छोट्या कुदळीनं बुडाजवळची माती किंचित सारून तिरपा घाव घालायचा. मूळ तुटलं की अख्खं झुडूप उचलून मुळं आकाशाकडे करून, म्हणजे उलटं, ठेवायचं, नाहीतर फांद्या जमिनीला टेकून पुन्हा रुजतील. माती जवळजवळ हलत नाही, त्यामुळं खालचं बी झोपलेलंच राहतं. हे दोघांनी मिळून करायचं काम आहे, यात ताकदीपेक्षा नेमकेपणा लागतो आणि तो अर्ध्या तासात शिकता येतो. ऑफिसच्या गटासाठी याहून योग्य काम मला तरी माहीत नाही. काटे, विंचू, साप यांची काळजी घ्यावी लागते, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि जाड बूट लागतात आणि वनरक्षक सोबत असावाच लागतो. वेळही बघावी लागते: फळं पिकायच्या आधी, नाहीतर उचलताना बी सगळीकडे झडतं.

आणि इथंच एका दिवसाची मर्यादाही दिसते. मातीतलं बी काही वर्षं जिवंत राहतं. पहिल्या पावसाळ्यानंतर त्याच तुकड्यात नवी रोपं येणार, ती उपटायला कुणीतरी यायला हवं. दुसऱ्या पावसाळ्यानंतरही. मोकळी झालेली जमीन तशीच सोडली तर घाणेरी नाही तर दुसरं तण ती घेणार, म्हणून तिथं स्थानिक गवतांचं आणि शेंगवर्गीय वनस्पतींचं बी टाकावं लागतं. दर वर्षी नवं अभयारण्य, नवा फोटो, अशी हौस कंपन्यांनी सोडून द्यावी असं मला कळकळीनं वाटतं. तोच एक हेक्टर तीन वर्षं धरला तर तिथं खरोखर गवत उभं राहतं.

शिवपुरीतच सख्यासागर आहे, मनियार नदीवर १९१८ मध्ये बांधलेला. त्यात मगरी आहेत, त्यामुळं पाण्यात उतरून जलपर्णी काढायचं काम हौशी लोकांचं नव्हे. जलपर्णीची मोठी चादर यंत्रानंच ओढावी. काठावर अडकलेले सुटे तुकडे वेचणं मात्र हातांचं काम, आणि तेही पट्टीच्या माणसांच्या देखरेखीखाली. एक तुकडा राहिला तरी त्याला धावत्या फांद्या फुटून पुन्हा चादर होते, त्यामुळं हे वेचणं दिसतं तितकं किरकोळ नाही.

आता रस्त्याच्या शेवटी, ठाण्याच्या खाडीला. २०१५ मध्ये इथं १,६९० हेक्टरांचं फ्लेमिंगो अभयारण्य झालं. दोन्ही काठांना तिवराची दाट खारफुटी. विक्रोळीला गोदरेजनं आपल्या जमिनीवरची खारफुटी १९८० च्या दशकापासून जपली. पलीकडे नवी मुंबईच्या बाजूला ऑफिसांचे गट शनिवार-रविवारी प्लास्टिक वेचायला येतात. बाटल्या, पिशव्या, थर्माकोल, चपला. मी पूर्वी याकडे निव्वळ साफसफाई म्हणून बघत होतो. तिवराचं झाड श्वास कसा घेतं हे समजल्यावर ती नजर पार बदलली.

खाडीच्या चिखलात बोटभर खाली प्राणवायू नसतो. झाडाच्या मुळांना तर तो लागतोच. म्हणून तिवराची आडवी मुळं चिखलातून दूरवर पसरतात आणि त्यांच्यावरून पेन्सिलीएवढे कोंब सरळ वर, हवेत येतात. ही श्वसनमुळं. तीन मीटर उंचीच्या एका झाडाला अशी दहा हजारांहून अधिक असू शकतात. प्रत्येकावर बारीक छिद्रं. ओहोटीला छिद्रं उघडी असतात, हवा आत शिरते. भरतीला ती पाण्याखाली जातात. त्या सहा तासांत मुळं आतला प्राणवायू वापरून टाकतात, तयार झालेला कर्बवायू पाण्यात विरघळून जातो, आणि आतला दाब कमी होतो. पाणी उतरलं आणि छिद्रं पुन्हा हवेत आली, की या कमी दाबामुळं बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. समुद्र चढतो-उतरतो आणि त्या लयीवर झाडाची छाती भरते! शोलँडर या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये खारफुटीच्या मुळांवरची ही छिद्रं ग्रीस लावून बुजवून पाहिली. दोन दिवसांत आतला प्राणवायू २ टक्क्यांपर्यंत खाली आला.

जे ग्रीसनं केलं तेच प्लास्टिकची पिशवी करते. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर तिवराच्याच झाडांवर झालेला एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही झाडांची श्वसनमुळं प्लास्टिकनं पूर्ण झाकली, काहींची अर्धी. पूर्ण झाकलेल्या झाडांची पानं विरळ झाली, काही झाडं मेली. अर्धी झाकलेली मात्र तगली. त्यांनी भराभर नवी श्वसनमुळं काढली, आणि प्लास्टिक आडवं आलं तिथं मुळांनी वाढीची दिशाच बदलली, ते चुकवून वाट काढली. या निष्कर्षात खाडीत वाकलेल्या माणसासाठी फार मोठा दिलासा आहे. खाडी पूर्ण स्वच्छ होणं एका दिवसात अशक्य आहे, उद्याची भरती नवा कचरा आणणार. पण गुदमरलेल्या झाडाभोवतीचं अर्धं प्लास्टिक जरी निघालं, तरी उरलेल्याचं झाड स्वतः बघून घेतं.

या कामालाही वेळ बघावी लागते. किनाऱ्यावरचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या एक हिशेब वापरतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. गटाला सकाळी दहा ते दुपारी दोन असं काम करायचं असेल तर अष्टमीच्या आसपासचा शनिवार उत्तम. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी भरती, तीही उधाणाची. त्या दिवशी बारा वाजता खारफुटीत कुणी असूच नये. उधाण कचरा झाडीत खोलवर नेऊन टाकतं आणि पुढच्या भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत तो तिथंच अडकून पडतो. वेचायची वेळ ती. एकाच गोष्टीची फार भीती: माणसांच्या पायांची. दोनशे माणसं एकदम आत शिरली तर त्यांच्या बुटांखाली जितकी श्वसनमुळं मोडतील तितकी प्लास्टिकनंही गुदमरली नसतील. वीस-पंचवीस माणसं, एका ओळीत, ठरलेल्या वाटेनं. बाकीच्यांनी काठावर उभं राहून पोती घ्यायची आणि कचरा वेगळा करायचा.

हे सगळं मनात आलं म्हणून करता येत नाही, आणि ते बरंच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरायला परवाना लागतो आणि तिथली झाडंझुडपं काढायला वरिष्ठ वनाधिकाऱ्यांची मंजुरी. काय काढायचं, कुठलं, कधी, हे वनखात्याच्या व्यवस्थापन आराखड्यावरून ठरतं. कंपनी कायद्यातली सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीची, तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली, ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करणं भाग पडलं. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारनं परिपत्रक काढून सांगितलं, की मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिराती असे एकदाच होणारे कार्यक्रम या खर्चात धरले जाणार नाहीत. पुढे हेही स्पष्ट केलं, की कर्मचाऱ्यांना अशा कामात जरूर गुंतवावं, पण त्यांनी दिलेल्या वेळेची किंमत लावून ती खर्चात दाखवता येणार नाही. मला ही तरतूद मनापासून आवडते. तो शनिवार कुठल्याही रकान्यात बसत नाही, त्यामुळं खऱ्या अर्थानं दिलेला राहतो. आणि कंपनीचे पैसे ज्या गोष्टींना लागतात, कुदळी, गवताचं बी, गावातल्या मजुरांची वर्षभराची मजुरी, तिकडे ते जाऊ शकतात. घाणेरीचा खरा भार शेवटी जंगलाकाठच्या गावांतली माणसंच उचलतात. बाहेरून आलेल्यांनी त्यांच्याकडून घाव कसा घालायचा हे शिकावं, आणि शिकवणाऱ्याला त्याचे पैसे मिळावेत.

दाल बाजारातल्या पेढ्या, त्यांच्याकडे हिशेब ठेवणारी मंडळी, लष्करमधल्या बँका, शिकवणी वर्ग, दवाखाने, यांना एबी रोडवरचा एखादा हेक्टर धरायचा झाला तर वर्ष असं लागेल. जुलैत, दोन-तीन पाऊस झाल्यावर, विलायती बाभळीची रोपं उपटायची. ऑगस्ट-सप्टेंबरात, वनखात्यानं दाखवलेल्या तुकड्यात, फळं पिकण्याआधी घाणेरी मुळातून तोडायची आणि उलटी ठेवायची. कार्तिकात गवत वाळू लागलं की जवळच्या चांगल्या माळावरून परवानगीनं गवताचं बी ओरबाडून घ्यायचं: मुठीत तुरा धरायचा, वर ओढायचा, तळहातावर बी उरतं. हे लहान मुलांनाही जमतं, त्यामुळं या खेपेला घरच्यांना नेता येईल. बी सावलीत वाळवायचं आणि सुती पिशवीत भरून कोरड्या जागी टांगायचं. धान्याला कीड लागू न देता वर्षभर ठेवण्याचं ज्ञान दाल बाजाराइतकं दुसऱ्या कुणाकडे असणार? मग पुढच्या जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या तोंडावर, तेच बी त्याच तुकड्यात टाकायचं आणि जुलैत पुन्हा तिथंच जाऊन नवी आलेली बाभूळ आणि घाणेरी बोटांनी वेचून काढायची.